माझ्या वाटचा बेडूक

तीस वर्षं मी पोरांना जीवशास्त्र शिकवलं आणि तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला कळू दिलं नाही की मला बेडकाची भीती वाटते. किळस नव्हे, भीती. मेलेल्याची नाही, हातात धरलेल्या जिवंत बेडकाची. त्याचं गार, बुळबुळीत अंग मुठीत उसळी मारतं तेव्हा तो कधी एकदा खाली ठेवतो असं मला आजही होतं. ही साधी गोष्ट मी अठराव्या वर्षी कबूल केली असती, तर चार पोरं हसली असती आणि विषय तिथंच मिटला असता. मी ती कबूल केली नाही. पुढे जे झालं त्याची मला लाज वाटते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कुणी माझ्याकडून शहाणपणाची अपेक्षा करणार नाही.

आम्ही परळला, गिरणीच्या मागच्या चाळीत राहत होतो. वडील साचेखात्यात मागावर कामाला होते. संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालू होती, भिंती गेरूच्या घोषणांनी लाल झाल्या होत्या, आणि दादर चौपाटीवर आम्ही सगळ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला वर्षही झालं नव्हतं. घरातला देव्हारा गेला होता, तिथल्या फळीवर आता माझी पुस्तकं होती. वडिलांनी गिरणीत जेवणाच्या सुट्टीत एका पातळशा पुस्तिकेवरून त्रिशरण-पंचशील पाठ केलं होतं. पालीचा एकेक शब्द ते असा जपून उच्चारायचे, की काचेचं भांडं खाली ठेवतायत असं वाटावं. रविवारी सकाळी चाळीच्या पटांगणात वंदना व्हायची आणि त्यात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा.

वंदना झाली की घरी बोंबील. आई तवा ठेवता ठेवता त्यांना डिवचायची, "आत्ताच पाणातिपाता म्हणालात ना? जीव मारायचा नाय म्हणून?"

"मी कुठं मारलेत?" वडील म्हणायचे. "कोळणीकडून आणले तेव्हा मेलेलेच होते."

आई हसायची, मीही हसायचो. त्या उत्तराच्या आधारावर पुढे मी वर्षभर जगणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

गिरगावातल्या एका कॉलेजात मी इंटर सायन्सला होतो. आमच्या चाळीतून कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे माझ्या अंगावरचा साधा शर्टही सगळ्या चाळीचा असल्यासारखा लोक न्याहाळत. जीवशास्त्राचे सर कडक होते. बेडकाच्या छेदनाचं प्रात्यक्षिक सुरू झालं त्या दिवशी त्यांनी आपला नियम सांगितला. "इथे ज्याने त्याने आपला बेडूक आपण मारायचा. दुसऱ्याने मारून दिलेला मिळणार नाही. जीव घ्यायचा तर निदान तो आपण घेतोय, हे हाताला कळू दे." डोक्यामागे एक खाच असते, तिच्यात सुई घालायची. नीट जमलं तर बेडूक निपचित पडतो आणि छाती उघडल्यावर हृदय चालू दिसतं.

बेडकांची बादली घेऊन फिरत होते ते प्रयोगशाळेचे शिपाई. माणूस पन्नाशीला टेकलेला, पण मुलं त्यांना 'बॉय' म्हणत. ते आमच्या समोरच्याच चाळीत राहायचे. लहानपणापासून मी त्यांना मामा म्हणत आलो होतो. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "इथं मामा म्हणू नको रे. पोरं तुला हसतील." त्यांचं म्हणणं मी फार तत्परतेनं मानलं. बेडकांवर त्यांचा जीव होता म्हटलं तर विचित्र वाटेल, पण होता. हरताळाच्या दिवशी ट्राम बंद असल्या की ते परळहून गिरगावपर्यंत चालत जायचे, का तर टाकीतलं पाणी बदललं नाही तर बेडूक उगाच मरतील.

माझ्या वाटचा बेडूक मी उचलला. तो हातात उसळला. मी सुई टेकवली आणि डोळे मिटले. पुढच्या क्षणी बेडूक टेबलाखाली, सुई जमिनीवर आणि अख्खा वर्ग हसतोय. सर आले. "काय झालं?"

माझे कान तापले होते. समोर गिरगाव, दादरची स्वच्छ इस्त्रीच्या कपड्यांतली मुलं उभी होती, आणि त्यांच्यापुढे मी परळचा भित्रा ठरणार होतो. तोंडातून निघून गेलं, "सर, आम्ही बौद्ध झालोय. प्राणिहत्या करणार नाही असं शील घेतलंय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बरं," ते म्हणाले. "माझा नियम मोठा की तुझा, हे मला आत्ता सांगता येणार नाही. पण तू भर वर्गात सांगितलंस, याला धैर्य लागतं." आणि मामांकडे वळून म्हणाले, "याचा बेडूक तुम्ही मारून देत जा."

मामांनी टेबलाखाली वाकून बेडूक धरला. तेही आमच्यातलेच. तेही रविवारी त्याच पटांगणात, तेच शील घेणारे. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मला वाटलं, यांनी ओळखलं. पण त्या नजरेत कौतुक होतं. त्यांनी सुई घातली, बेडूक माझ्या ताटलीत ठेवला आणि बादली घेऊन पुढे गेले.

त्याच संध्याकाळी त्यांनी ही गोष्ट वडिलांना सांगितली. मी जिना चढून वर आलो तर वडील गॅलरीत उभे. त्यांनी नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचा हात जड होता, साच्यावर चालून चालून राठ झालेला. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "भूक लागलीय."

रविवारी मला पटांगणात पुढे बोलावलं. वंदना घेणारे वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आपण शील तोंडानं म्हणतो. या पोरानं ते परक्या लोकांत, शिक्षकासमोर पाळून दाखवलं. दुसऱ्याचा जीव घेऊन मिळणारे मार्क त्याला नकोत." टाळ्या पडल्या. वडिलांनी मान खाली घातली होती. त्यांचे डोळे भरलेत हे लोकांना दिसू नये म्हणून. मी हात जोडून उभा होतो आणि चेहरा होता होईल तो नम्र ठेवला होता. अशा वेळी चेहरा आपोआप बरोबर जमतो, याचीच आता जास्त शिसारी येते.

मग सगळे पंचशील म्हणू लागले. मामा माझ्या उजव्या हाताला उभे होते. पाणातिपाता वेरमणी हे पहिलं शील आलं आणि शेजारचा आवाज बंद झाला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. ओठ मिटलेले होते. दुसऱ्या शीलापासून ते पुन्हा सगळ्यांबरोबर म्हणू लागले. आदल्या रविवारपर्यंत हाच माणूस पाचही शीलं खणखणीत म्हणत होता. ते गप्प का झाले हे तिथं एकट्या मलाच समजलं. मी काय केलं? मी माझी पाचही पुरी केली.

त्यानंतर दर गुरुवारी मी येण्याआधीच माझ्या जागेवर ताटलीत बेडूक तयार असे. काम इतकं सफाईदार, की वर्गात सगळ्यांत छान चालणारं हृदय माझ्याच ताटलीत असायचं. मुलं ते बघायला यायची. सर शेरा द्यायचे, 'उत्तम'.

एकदा मोर्चामुळे तास लवकर सुटला. खिडकीतून घोषणा ऐकू येत होत्या, मुलं खाली पळाली होती. मामा सुया पुसत होते. मला म्हणाले, "तू शिकलेला आहेस म्हणून विचारतो. हुकूम दुसऱ्याचा आणि हात आपला, तर शील कुणाचं मोडतं?"

मी काहीतरी पुस्तकी बोललो. मनात द्वेष नसेल, पोटासाठी केलं असेल, तर पाप लागत नाही वगैरे.

"पाप-पुण्य तर आपण मागं टाकून आलो," ते शांतपणे म्हणाले. "मी पापाचं नाय विचारत. शीलाचं विचारतोय."

खरं उत्तर एकच होतं, आणि ते द्यायची मला छाती नव्हती. मोर्चा बघायला जातो असं सांगून मीही खाली पळालो.

वर्षाअखेरीस विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरून परीक्षक आले होते. बेडूक वाटायला सुरुवात झाली तेव्हा आमचे सर पुढे होऊन म्हणाले, "या विद्यार्थ्याच्या बाबतीत जरा..."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय अडचण आहे?"

सर थांबले. उत्तर त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. मामा बादली घेऊन समोर उभे होते. तेही माझ्याच तोंडाकडे बघत होते, आणि मला आठवतं, ते किंचित पुढे झुकले होते. भर वर्गात एकदा सांगितलेलं मी आता परीक्षकाला कसं सांगतो, हे त्यांना ऐकायचं होतं.

मला दिसत होते मार्क. परीक्षक चिडले तर, नापास केलं तर, चाळीला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं. "काही नाही, सर," मी म्हणालो. "मारतो."

सरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मामांनी बादलीतून बेडूक काढून माझ्या हातात दिला. तो उसळला, सुई खाचेवरून दोनदा सरकली. परीक्षक पलीकडच्या टेबलाशी होते. मामा ताटली सारखी करण्याच्या मिषानं वाकले आणि हळूच म्हणाले, "डोळे मिटू नको. अंगठा मागं घे. आता लागेल खाच."

खाच लागली. मी बेडूक मारला. छाती उघडली, हृदय चालू होतं.

परीक्षा संपल्यावर मामा मागच्या नळावर ताटल्या धूत होते. मी तिथं जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर न बघता विचारलं, "भ्यायला होतास होय रे? त्या पहिल्या दिवशी पण?"

मी मान हलवली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ताटली विसळली, उपडी ठेवली, दुसरी घेतली.

"मग मला सांगायचं होतंस," ते म्हणाले. "एवढे मारतो, त्यात तुझा एक मारलाच असता. तो काय जड होता? पण रविवारी मला सुखानं उभं राहता आलं असतं."

नळ बंद करून म्हणाले, "बापाला सांगू नको. त्यांनी ते लय जपलंय."

तेवढी आज्ञा मी अगदी तंतोतंत पाळली. मी पास झालो, पुढे शिकलो, मास्तर झालो. मामा निवृत्त होईपर्यंत बेडूक मारत राहिले आणि शेवटपर्यंत वंदनेला येत राहिले. पहिल्या शीलाला त्यांचे ओठ मिटायचे ते मिटायचेच. मी खोटं बोललो हे कळल्यावर तरी ते पुन्हा पाचही म्हणू लागतील अशी मला आशा होती. पण माझं खोटं त्यांनी एकदा खरं मानलं होतं, आणि ते त्यांना पुन्हा खोटं करता आलं नाही.

वडील थकल्यावर आल्यागेल्याला ती गोष्ट सांगत बसायचे. पोरानं भर वर्गात कसं सांगितलं, सरांनी चष्मा कसा पुसला. पाहुण्याला खरं वाटत नाहीसं दिसलं की ते गॅलरीतून समोरच्या चाळीकडे हाक मारायचे आणि मामांना बोलावून घ्यायचे. मी चहाचे कप भरत असायचो.

"विचारा ह्यांना," वडील म्हणायचे. "ह्यांच्यासमोर झालं."

मामा माझ्या हातातून कप घ्यायचे. "हो," म्हणायचे. "माझ्यासमोरच."