मुशीमास्तरांचा श्रावणातला तास

मास्तरांच्या आधी त्यांचा वास वर्गात यायचा, आणि तोही भर श्रावणात. एका हातात केळीच्या पानात गुंडाळलेली मुशी, म्हणजे छोटा शार्क मासा, दुसऱ्या हातात आंब्याच्या खोडाच्या सालीसकट काढलेलं दगडफूल. मुलांनी त्यांना मुशीमास्तर करून टाकलं होतं. एकोणीसशे तीसच्या आधीची रत्नागिरी ती. ते शास्त्र शिकवायचे; मी त्याच शाळेत संस्कृत शिकवायचो आणि शेजारच्या वर्गात नाक दाबून बसायचो. त्या तासाच्या नुसत्या कल्पनेनंच मला थकवा यायचा.

श्रावणच का, तर त्याला इलाज नव्हता. दगडफूल हिरवं दिसतं ते पावसात, आणि पावसात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या की पहिली मुशी मिळायची, खोडंही अजून ओली असायची. दोन्ही ताजी हाताशी असायची ती एवढेच चार दिवस.

"मेल्यांनो, बघता काय, हात लावा," मास्तर म्हणायचे. मुशीच्या अंगावरून शेपटीकडे हात गुळगुळीत जातो, उलटा फिरवला की खरवडतो. मग दगडफूल. "ही पोहायची थांबली की गुदमरते. हे जन्मात जागचं हलत नाही, नखाएवढं वाढायला वर्षं घेतं. सांगा, शहाणं कोण?" उत्तर ते कधीच देत नसत. मुलं घरापर्यंत भांडत जायची.

घरी मात्र आधी आंघोळ. श्रावणात माशाला शिवलेलं पोर कुठली आई स्वयंपाकघरात घेईल? तक्रारी शाळेच्या कमिटीकडे गेल्या.

"अहो मास्तर, दसऱ्यानंतर आणा की मुशी," मी म्हटलं.

"तेव्हा दगडफूल वाळतं हो. मसाल्यात घालायचं ते. मी काय पोरांना मसाला शिकवू?"

हट्टी माणूस. राग यायचा, आणि मायाही वाटायची.

शेवटी कमिटीनं बजावलं, मुशी सोडा नाहीतर नोकरी. मास्तरांच्या मुलीचं लग्न चिपळुणात नुकतंच ठरलेलं. मास्तर मान हलवून परत आले.

त्या श्रावणात त्यांनी फळ्यावर मुशी काढली. चित्र सुरेख होतं. मुलांनी ते गुपचूप उतरवून घेतलं; भांडलं कुणीच नाही. फळा पुसता पुसता त्यांना मी दारात दिसलो, तसे म्हणाले, "आज कुणाच्याच आईला त्रास नाही."

मार्गशीर्षात लग्न झालं. मास्तर पंगतीत हसत, आग्रह करत वाढत होते. माझ्यापाशी आले, पानात जिलबी वाढली आणि हळूच म्हणाले, "शाळेचं आज काही काढू नका हो."

मी काही काढलंच नव्हतं.