मागच्या बाकावरचे गणित

ऑक्टोबरातल्या दुपारी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली, की रेवदंड्याच्या खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर सुकत घातलेल्या जवळ्याचा, त्या बारीक कोळंबीचा उग्र, खारट दर्प आत शिरे आणि खडूच्या कोरड्या भुकटीत मिसळून जाई. उतरते ऊन फळ्याच्या एका कडेवर येऊन थांबलेले असे. खालचे वर्ग सुटून गेल्यामुळे इमारतीला एक रिकामी शांतता आलेली असे, आणि त्या शांततेत माझ्यासमोर दोघीच बसलेल्या असत: पहिल्या बाकावर सानिका, माझी अकरावीची एकुलती एक विद्यार्थिनी, आणि अगदी शेवटच्या बाकावर, भिंतीला डोके टेकून, तिची सुलभाआत्या.

दहावीपर्यंत सक्तीने सोबत चाललेला माझा विषय अकरावीच्या उंबरठ्यावर ऐच्छिक होतो. विज्ञान शाखेत गणित सोडून जीवशास्त्र किंवा भूगोल घेता येतो, वाणिज्य शाखेत गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती. आणि मुले त्याचा हात इतक्या सुटकेने सोडतात, की जणू एखाद्या कडक पाहुण्याला एसटीत बसवून परतत आहेत. वर्षागणिक माझा वर्ग आटत गेला. ज्यांना इंजिनियर व्हायचे ती मुले अलिबागला किंवा थेट पनवेलला जाऊ लागली, उरलेल्यांना गणित नकोच होते. त्या वर्षी नाव नोंदवले ते एका सानिकाने. तिच्या वडिलांची होडी होती आणि दहावीला गणितात तिला फार चांगले गुण पडले होते.

आमच्या प्राचार्य बाई समजूतदार. त्यांनी सांगितले, “एका मुलीसाठी वेळापत्रकात तास देता येणार नाही. कॉलेज सुटल्यावर घ्या. पण रिकाम्या मजल्यावर ती एकटी नको, घरचे कुणीतरी सोबत बसू दे.” ही मुलगीही टिकली नाही तर पुढल्या वर्षी विषय बंद होईल आणि मला संस्थेच्या माणगावच्या शाळेत जावे लागेल, हेही त्यांनी दडवले नाही. चौलच्या माझ्या वाडीतल्या नारळी-पोफळींची सावली सोडून जाण्याची कल्पनाही मला नकोशी होती. म्हणून त्या मुलीला शिकवताना माझ्या मनात नुसती विद्या नव्हती, थोडी धास्तीही होती.

सोबतीला सुलभाताई येऊ लागल्या. सानिकाच्या वडिलांची ही धाकटी बहीण नवरा गेल्यावर माहेरी परतली होती. पहाटे बंदरावर लिलावाला उभी राहणारी, भरल्या अंगाची, मोठ्या आवाजाची बाई. पण वर्गात पाऊल टाकले की तिचा आवाज कुठेतरी हरवून जाई. पहिले काही आठवडे त्या चक्क झोपत. पंख्याची घरघर, सानिकाच्या लेखणीची खसखस आणि मागून येणारा संथ श्वास, अशा त्रिवेणीत माझी त्रिकोणमिती चाले.

मग एका दुपारी फळ्यावर एक समीकरण सोडवत असताना मागून आवाज आला.

“सर, एक इचारू? तो उणे सात पलीकडं गेला का अधिक कसा व्हतो?”

सानिका लाजून हसली. “आत्या, ते आठवीतलं आहे.”

“आसंल. मला तवापास्नं कळला न्हाय.”

मी खडू खाली ठेवला. म्हणालो, “सुलभाताई, तो कुठे जातच नाही. दोन्ही बाजू सारख्या आहेत ना? मग दोन्हीकडे सात मिळवा. इकडचा उणे सात मिटतो, तिकडे सात वाढतात. आपल्याला दिसते ते एवढेच, म्हणून आपण म्हणतो पलीकडे गेला.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला आनंद म्हणवत नाही. दीर्घकाळ कुणी आपल्याशी खोटे बोलत नव्हते, आपल्यालाच अर्धे ऐकू आले होते, असे समजल्यावर माणूस जसा सैलावतो, तसे काहीतरी होते ते. “मंग येवढाच व्हय,” त्या पुटपुटल्या. नंतर सानिकाकडून कळले, की आत्या दहावीला एकट्या गणितात नापास झाली होती. बाकी सगळे विषय सुटले होते. पुन्हा बसायचे ठरले, तोवर लग्न ठरले.

त्या दिवसानंतर त्या झोपल्या नाहीत.

दिवाळीची सुट्टी संपली आणि थंडीची चाहूल देणारी कोवळी उन्हे वऱ्हांड्यात पसरली, तेव्हा सानिका मला जिन्यात भेटली. नजर खाली, बोटांत ओढणीचे टोक. “सर, मी विषय बदलतेय. जीवशास्त्र घेणार.”

मी कसेबसे विचारले, “जमत नाही का?”

“जमतं सर. सगळं जमतं. पण मला त्यात राहावंसं वाटत नाही. बाबांनी मासा फाडला की मी अजून तिथंच बसून बघते, कल्ले कसे असतात, अंडी कुठं असतात. मला तेच शिकायचंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आजवर बोलले नाही.”

वाईट वाटलेच. विषयासाठी वाटले, माणगावसाठी वाटले, आणि तिने इतके दिवस माझ्या मनाचे ओझे वाहिले म्हणून सर्वांत जास्त वाटले. पण तिचे डोळे हे सांगताना प्रथमच मोकळे झाले होते. मी म्हणालो, “तू घे जीवशास्त्र. मी बाईंशी बोलतो.”

दुसऱ्या दिवशी फळ्याचा कंपास आणि गुण्या आणायला म्हणून वर गेलो, तर दार उघडे. सुलभाताई बसल्या होत्या. शेवटच्या बाकावर नाही, पहिल्या.

“ती न्हाय येनार. मी आलेय,” त्या म्हणाल्या. पदराने उगीचच बाक पुसला. “मला दहावीचा गनित द्याचा हाय. शिकवाल काय? न्हाय म्हनलात तरी राग न्हाय.”

प्राचार्य बाईंनी हे ऐकले. मग हसून म्हणाल्या, “आता हिच्या सोबतीला कोण बसणार?”

सानिका बसली. शेवटच्या बाकावर जीवशास्त्राचे पुस्तक उघडून ती बेडकाच्या हृदयाची आकृती काढी आणि पुढे आत्या प्रमेयाशी झुंजत असे. हिवाळ्याच्या त्या फिकट, सोनसळी दुपारी माझ्या अध्यापनातल्या सर्वांत निरुद्देश आणि म्हणूनच सर्वांत निर्मळ दुपारी होत्या. या वर्गातून कुणी कुठे पोचणार नव्हते. नोकरी नव्हती, प्रवेश नव्हता, माझी बदलीही टळणार नव्हती. सुलभाताई चुकत, चिडत, “डोसका फिरला” म्हणून पाणी प्यायला जात आणि परत येत. भूमितीत त्यांचे मन विशेष रमले. सिद्धता संपली की त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून क्षणभर तशाच थांबत.

परीक्षेचे सोपस्कार त्यांच्या जुन्या शाळेतून झाले. मार्चमध्ये, पोराबाळांच्या रांगेत, नवी साडी नेसून त्या पेपराला गेल्या. निकालाच्या दिवशी सानिकाचा फोन आला. काठावर, पण उत्तीर्ण! मागे सुलभाताईंचा बंदरावरचा तो मोठा आवाज ऐकू येत होता. आळीत सर्वांना ओरडून सांगत होत्या.

जूनमध्ये विषय बंद झाला. कुणी भांडले नाही, कुणाच्या लक्षातही आले नसावे. माणगावला रुजू होण्यासाठी मी निघालो, तेव्हा सुलभाताई एसटीच्या थांब्यावर आल्या होत्या. हातात सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची पुडी. कुणी त्यांना विचारले होते म्हणे, आता या वयात याचा उपयोग काय. ते सांगून त्या खळखळून हसल्या. मग गाडी आली, मी पायरीवर पाय ठेवला, आणि त्यांनी विचारले,

“सर, आता अकरावीचा गनित कुठं मिळंल?”

रेवदंड्यात ते आता मिळत नव्हते, आणि ते मिळेनासे होण्यात माझाही काही दोष नव्हता. “बघतो,” एवढेच म्हणालो. इतकी वर्षे मी या विषयाला वाट समजत आलो होतो, कुठेतरी नेणारी, आणि वाटसरू कमी झाले म्हणून खंतावत होतो. कुणाला तिथे नुसतेच येऊन बसायचे असेल, हे मला सुचलेच नव्हते. गाडी साळावच्या पुलावर चढली. खाली भरतीचे पाणी खाडीत शिरत होते, आणि अकरावीच्या पहिल्या धड्यापासून, कोन म्हणजे काय इथपासून सुरुवात करायची झाली तर सुलभाताईंना ते कसे सांगावे, याची वाक्ये मी मनातल्या मनात जुळवत होतो.