घड्याळजीचा घेवडा

माझा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. सगळे त्याला घड्याळजी म्हणतात, मीही म्हणते, कारण खऱ्या नावाने हाक मारली तर तो स्वतःच ओ देत नाही. हल्ली घड्याळ बिघडलं की लोक फेकून देतात. शेवटी त्याने दुकान बंद केलं आणि चिमटे, इवलेसे पेचकस, डोळ्याला लावायचं भिंग असा संसार डब्यात भरून घरी आणला. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात तो आणि मी. बसून बसून माणूस बसणार तरी किती?

त्यातच त्याची लेक सासरहून परत आली. हातात एक बॅग, पायात घरातल्या सपाता. आम्ही तिला लहानपणापासून ठकी म्हणतो. एरवी तोंडाचा पट्टा थांबायचा नाही, आणि आली ती मुकी होऊन. "आत्या, थोडे दिवस राहते," एवढंच म्हणाली. शेजारणींना मी सांगितलं, विश्रांतीला आलीय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घड्याळजीला मात्र राहवेना. त्याचा जन्म गेला झाकण उघडून आत काय अडलंय ते बघण्यात. रोज सकाळी चहा घेऊन हा तिच्या दारात उभा. "ठके, काय झालं ते सांग ना. मारलं का त्याने? सासू काही बोलली?" ती कप घ्यायची आणि आतून कडी लावायची. हा रिकामी बशी हातात धरून तसाच उभा. मला दोघांचीही दया यायची, आणि माझी दया नेहमी रागाच्या वाटेनेच बाहेर पडते.

"तिचा पिच्छा सोड," मी एकदा खडसावलं. "परसात जा, माती उकर. हाताला काही काम तरी मिळेल."

परस कसलं, पाण्याची टाकी, कपड्यांची दोरी आणि फुटक्या फरशांचा ढीग. उन्हाळा उतरणीला लागला होता. त्याने फरशा उचलल्या, माती खणली, चाळली, खत मिसळलं, वाफे काढले आणि घेवडा पेरला. मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस.

पण कोंब काही दिसेना. माती चांगली, पाणी वेळच्या वेळी, मग अडलं कुठे? एका सकाळी कपडे वाळत घालायला गेले तर हा वाफ्यात उकिडवा बसलेला. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. मातीतून एक बी काढलं, फिरवून पाहिलं, परत पुरलं, वर थोपटलं. मग पुढचं.

"काय करतोयस रे?"

"आत चालू झालंय का बघतोय."

"रोज बघतोस?"

"रोज नाही गं ताई. सकाळ-संध्याकाळ."

मी कपाळावर हात मारला. "अरे, ते बी आहे, घड्याळ नव्हे! सारखं उकरलंस तर उगवणार कुठे, तुझ्या डोक्यावर?" तो ओशाळला. मागे वळून पाहिलं तर ठकी खिडकीत उभी होती. किती दिवसांनी तिचे ओठ जरासे हसल्यासारखे हलले होते.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. पावसाळा लागल्यावर त्याने पुन्हा पेरलं, पुन्हा उकरलं, तेही कुजलं. मग भिजून भिजून तापाने अंथरुणाला खिळला. उठून परसात आला, तर टाकीजवळ एक टोपली पालथी घातलेली, वर वीट. याचा हात लगेच पुढे गेला. ठकी अनवाणीच चिखलातून धावत आली.

"बाबा, हात नाही लावायचा."

"पण आत काय..."

"उरलेलं बी मी लावलंय. व्हायचं तेव्हा होईल. तोवर उघडायचं नाही आणि मला विचारायचंही नाही."

त्यानंतर हा खुर्ची टाकून टोपलीसमोर बसायचा, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. मग एके दिवशी ठकीने स्वतःच टोपली उचलली. वाकलेले फिकट कोंब, डोक्यावर अजून बियांची सालं. "ताई, चालू झालं!" तो असा ओरडला की माझ्या हातातलं दूधच सांडलं. दुसऱ्या दिवशी त्याने चहा तिच्या दाराशी स्टुलावर ठेवला आणि एक शब्द न बोलता परत आला.

हिवाळ्यात दोघांनी मिळून पालक लावला, कांदा लावला. वेलींना दोऱ्या बांधल्या. पानांवर मावा पडला तेव्हा घड्याळजीने भिंग लावून एकेक किडा चिमट्याने वेचला आणि ठकी चक्क खळखळून हसली. त्याने लिंबाचं रोप आणलं. ती म्हणाली, "सध्या कुंडीतच असू दे." का, ते त्याच्या जिभेच्या टोकावर होतं. जावयाचे फोन येत, ती उचलत नसे, तेही त्याला दिसत होतं. त्याने सगळं गिळलं.

पुन्हा ऊन तापलं. एका संध्याकाळी दोघं पाणी घालत होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी भाजी निवडत होते. ठकी वेलीकडे बघत, कोणी न विचारता बोलू लागली.

"तो मारायचा नाही, बाबा. नुसता विचारायचा. कुठे गेलीस, कोणाशी बोललीस, इतका वेळ का लागला. पर्स उघडून बघायचा, फोन उघडून बघायचा. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय, आणि ते सापडेपर्यंत हा थांबणार नाही." तिने वेलीचं एक वाळकं पान खुडलं. "आणि इथे आले, तर तुम्ही रोज दारात."

घड्याळजीच्या हातातली झारी एकाच जागी वाहत राहिली. वाफा तुडुंब भरला. मला ओरडावंसं वाटलं, पण मीही जीभ आवरली. त्याने तोंड उघडलं. शंभर प्रश्न असणार तिथे, मी ओळखते त्याला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. आणखी काही विचारलं नाही.

ठकीने डोळे पुसले. "लिंबू उद्या जमिनीत लावू. माझ्या खिडकीसमोर."

"चालेल."

"फळ धरायला काही वर्षं लागतील हं, बाबा."

"लागू देत," घड्याळजी म्हणाला.