आमच्या बैठकीतलं महायुद्ध

लढाईच्या दिवसांत ग्वाल्हेरात, लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत, रेडिओ फक्त आमच्याकडे होता. त्यामुळे संध्याकाळी बातम्यांना आमची बैठक भरायची आणि मी यजमानाच्या तोऱ्यात बटण फिरवायचो.

मुलगी त्या वर्षी मॅट्रिकला होती. सहामाहीत ती गणितात नापास झाली, तसे मुरारहून माझे थोरले बंधू आले. आमच्याकडे दादांचा शब्द शेवटचा. झाशीचं एक स्थळ त्यांनी हेरून ठेवलं होतं. ठरलं असं, की पास झाली तर पोरगी कॉलेजात जाईल, नाही तर त्याच वर्षी लग्न. मुलीला कॉलेजात जायचं होतं. ती ओठ चावत उभी राहिली. मग दादांची नजर रेडिओवर गेली. हे खोकं घरात बोंबलत असताना पोर अभ्यास कसला करणार, असं म्हणून त्यांनी तो टांग्यात घातला आणि मुरारला नेला.

मी दारात त्यागमूर्ती होऊन उभा. मुलांच्या शिक्षणासाठी बापाला काय काय सोडावं लागतं, यावर त्या आठवड्यात कचेरीत मी सगळ्यांना ऐकवलंही.

पण मित्र दुसऱ्या दिवशी आलेच. त्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? मग मी कचेरीतून येताना बाड्याच्या चौकात पानाच्या दुकानातल्या रेडिओशी उभ्यानं बातम्या ऐकायचो आणि घरी येऊन सांगायचो. आता नुसतं सांगणं माझ्या स्वभावात नाही. जर्मन सेनापती लोडावर चढायचा. विलायतेचे मंत्री गालात सुपारी धरून बोलायचे. उपरण्याचं वाळवंट व्हायचं आणि त्यावरून पानदानाचा रणगाडा धडधडत जायचा. आमच्यातले एक निवृत्त सुभेदार म्हणायचे, “रेडिओपेक्षा हे बरं. यात आपण रोज जिंकतो.” शिवाय रेडिओ बातम्या संपल्या की गप्प व्हायचा. मला बटण नव्हतं.

माजघरात पुस्तक घेऊन बसणारी मुलगी मधल्या काळात मैत्रिणीकडे अभ्यासाला जाऊ लागली, असं बायकोनं सांगितलं. मला बरंच वाटलं. दादांचा उपाय लागू पडला म्हणायचा.

एक दिवस गडी आला नाही, म्हणून गव्हाचा डबा घेऊन मीच चक्कीवर गेलो. चक्की अशी गर्जत होती की स्वतःचा खोकला ऐकू येऊ नये. मागच्या खोलीत चक्कीवाल्याची बायको डाळ निवडत होती आणि तिच्या शेजारी पोत्यावर आमची मुलगी, मांडीवर भूमिती, पापण्यांवर पीठ. घरी शांतता करून दिली आहे आणि ही इथे? मी ओरडून विचारलं. ती मला बाहेर घेऊन आली.

“चक्की मला काही सांगत नाही ना, बाबा.”

“म्हणजे?”

“तिचा आवाज ऐकावासा वाटत नाही. तुमचा वाटतो. रणगाडा निघाला की मी पुस्तक मिटून दाराशी येते. रेडिओ होता तेव्हा बातम्या संपल्यावर परत बसत तरी होते.” मग मान खाली घालून म्हणाली, “मैं क्या करूँ, हँसी आ जाती है.”

खरं सांगतो, आधी मला आनंदच झाला. दाराआड आणखी एक श्रोता होता तर! मग तिचा चेहरा पाहिला. तिला वाटत होतं, चूक तिचीच आहे. पोरीचं कॉलेज मी हशांवर उधळत होतो आणि पोर माझी क्षमा मागत होती. मला तिच्याकडे बघवेना. गव्हाचा डबा तिथेच विसरून मी घरी आलो.

त्या संध्याकाळी मित्रांना ओट्यावरूनच परत पाठवलं. सुभेदारांनी विचारलं, तह झाला की काय? मी खरं ते सांगितलं. कुणी हसलं नाही. जोडे घालून सगळे गेले.

मुलीला म्हटलं, आता घरीच बस, मी चकार शब्द काढणार नाही. तिनं जरा विचार केला आणि मला लागू नये अशा बेतानं म्हणाली, “तुम्ही गप्प बसलात ना, बाबा, की वाटत राहतं, आता बोलतील, आता बोलतील. मग तर मुळीच लक्ष लागत नाही.”

तेव्हा परीक्षेपर्यंत मी तिला चक्कीवर पोचवायचो आणि चक्की बंद झाली की परत आणायला जायचो. मध्ये दादा आले. घर मोकळं पडलेलं असताना पोर चक्कीत का, असं त्यांनी विचारलं.

“घरात मी असतो,” मी म्हणालो.

दादांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं, की रेडिओ परत मागायची हिंमत मला पुढे कधी झाली नाही.

मुलगी पास झाली. झाशीला दादांनीच नकार कळवला. मी पेढे घेऊन आधी चक्कीवर गेलो. चक्कीवाल्याच्या बायकोनं पेढा कपाळाला लावून तोंडात टाकला, डोळे पुसले आणि काळजीनं विचारलं, “कॉलेज की पढ़ाई तो और कठिन होगी, बाबूजी. बिटिया की जगह रहने दूँ?”

गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती.

“रहने दो,” मी म्हणालो.