उगवतीकडची भिंत

वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी धुळ्याला एम.एस्सी.च्या वर्गात बसले. मुले मला मॅडम म्हणत आणि मी शेवटचा बाक शोधत असे. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सरांनी प्रत्येकाला एका उपेक्षित गणितज्ञाचे चरित्र वर्गासमोर मांडायला सांगितले. माझ्या वाट्याला परदेशातील एक स्त्री आली. स्त्रियांना वर्गात मज्जाव होता, म्हणून ती दुसऱ्यांच्या टिपणांवरून शिकली होती.

ग्रंथालयात तिच्याविषयी वाचत असता मला ओल्या पांढऱ्या मातीचा वास येऊ लागला. रोज येई. तो कुठला, हे मला ठाऊक होते.

धरणगावला वडिलांची थोरली बहीण राहत असे. सारे तिला अक्का म्हणत. ती शाळेत गेली नव्हती. जिनिंगमध्ये कामाला असताना कापसाच्या गाठींवरचे आकडे पाहून अंक शिकली होती. फावल्या वेळी ती मागच्या खोलीत, उगवतीकडच्या भिंतीवर कोळशाने लिहीत बसे. पहिल्या ओळीत एक. दुसरीत तीन, पाच; पुढे आठ. तिसरीत सात, नऊ, अकरा, पुढे सत्तावीस. खाली आणखी पुष्कळ होते.

आमच्या वस्तीत घरे दिवाळीला नव्हे, चौदा एप्रिलच्या जयंतीला पोतारतात. मी तेव्हा दहा वर्षांची होते; अक्काचे घर पोतारायला मी घेतले होते. "उगवतीनी भित ऱ्हाऊ दे," अक्काने बजावले होते. शाबासकीच्या हावेपोटी मी पांढऱ्या मातीचा बोळा त्या भिंतीवरूनही फिरवला.

कामावरून परतलेली अक्का भिंतीसमोर उभी राहिली. मग हसली.

"बठ्ठी भित गोरी करी टाकी व माय! आते तुनं लगीन करी टाकूत."

त्यानंतर तिने कुठेच काही लिहिले नाही.

विषम संख्यांच्या त्या बेरजा म्हणजे एक, दोन, तीन यांचे घन, हे मला पुढे शिकताना उमगले. नियम जुनाच, पण अक्काला तो कुणी सांगितला नव्हता. त्याखाली तिने काय मांडले होते, ते मी पुसण्यापूर्वी वाचलेही नव्हते.

चरित्र मांडण्याआधीच्या रविवारी मी धरणगावला गेले. अक्का केव्हाच वारली होती. तिच्या मुलाच्या देखत मी चमच्याच्या दांड्याने भिंत खरवडू लागले. पांढरा पापुद्रा, निळा, पुन्हा पांढरा.

"ताई, काय शोधी ऱ्हायनी? गुप्तधन?" तो हसला.

शेवटी भिंतीची मूळ माती लागली. कोळसा नव्हता.

वर्गात मी परदेशातील स्त्रीचे चरित्र वाचून दाखवले. खाली बसायचे, ते बसवेना. कागदावर नसलेले बोलू लागले; फळ्यावर अक्काच्या तीन ओळी लिहिल्या.

"यांचा संदर्भ काय?" सरांनी विचारले.

"धरणगावची एक भिंत."

कुणीतरी हसले. सर हसले नाहीत. "आणि पुढच्या ओळी?"

"पुसल्या गेल्या."

"कोणी पुसल्या?"

त्या वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत कधीच पोचला नव्हता. त्या दिवशी पोचला.

"मी, सर."