बलुत्यातली मोटार

ती मोटार माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण उमापुरात कुणाला विचारलं तर तो म्हणेल, पाटलांची होती. आता विचारायला फारसं कुणी उरलेलं नाही, आणि जे उरलेत त्यांना मोटारही धड आठवत नाही. मला आठवते. हा विषय निघाला की माझा आवाज अजून चढतो, असं घरचे म्हणतात. चढतो तर चढू दे.

निजामाचं राज्य होतं. आमचं गावात किराणा आणि घासलेटाचं दुकान होतं. आम्ही लिंगायत वाणी, शेत नाही, बैल नाही, तराजू हीच आमची जमीन. मी काही हंगाम जालन्याला कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर काम करून आलो होतो. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला परत बोलावून गादीवर बसवलं. गूळ जोखताना मला इंजिनाचा आवाज आठवायचा आणि हमखास माप चुकायचं. अप्पा म्हणायचे, "ह्येच्या डोक्यात धूर हाय."

शहागडजवळ गोदावरी ओलांडताना कुणा साहेबाची मोटार वाळूत रुतली आणि वरून पूर आला. साहेबानं तिचा नाद सोडला. पाणी ओसरल्यावर तिथल्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यानं ती बाहेर ओढली. मला कळताच मी जिनिंगची सगळी कमाई घेऊन तिकडे गेलो. उपरण्याखाली बोटं धरून सौदा झाला, बैलाचा होतो तसा. सौदा त्याला ठाऊक आणि मला ठाऊक. आमच्याकडे तेव्हा सगळे मोठे व्यवहार असेच होत, त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

ओढून आणायला बैल पाहिजेत. बैल पाटलांच्या थोरल्याचे. तो माझा जिवलग मित्र. आम्ही शाळेत एका तरटावर बसलो, एका विहिरीत पोहायला शिकलो, एकाच मास्तरांच्या छड्या खाल्ल्या. तो चार बैल आणि गडी घेऊन आला, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि पोट धरून हसला.

"बे वाण्या, ही मोटार हाय का मेलेली म्हैस?"

पण गावापर्यंत तो तिच्याबरोबर चालत आला. आमच्या दुकानामागं जागा नव्हती, म्हणून ती त्याच्या गोठ्यात उभी राहिली. त्या दिवशी त्याच्याबद्दल माझ्या मनात जी माया दाटली होती, तिची आठवण झाली की मला आजही स्वतःची कीव येते.

टप, दारं, पुढची काच, सगळं मी काढून टाकलं. अर्धं सडलंच होतं, आणि जे सडलं नव्हतं ते जड होतं. मला बंगल्यासमोर उभी करायची मोटार नको होती. मला पळणारी हवी होती. सांगाडा, इंजिन, चाकं आणि दोन माणसांपुरती फळी, बस. इंजिनात गोदावरीची वाळू इतकी होती की आई म्हणाली, भांडी घासायला वर्षभर पुरेल. मी एकेक भाग दुकानातल्या घासलेटात बुडवून धुतला. विजेची ठिणगी पाडणारा डबा ओला झाला होता, तो आईच्या चुलीमागं उबेला ठेवला. आईनं त्याला देवाचा समजून रोज हळद-कुंकू वाहिलं, मीही वाहू दिलं.

पण वाकलेला सांगाडा सरळ करायला लोहार लागतो आणि बैठकीला सुतार. खिशात काही उरलं नव्हतं. आणि आमच्या गावात लोहार-सुतारांची रीत अशी की ते शेतकऱ्याचं औत वर्षभर नीट ठेवायचे आणि सुगीला त्याच्या खळ्यावरून आपल्या वाट्याची ज्वारी न्यायचे. हे त्यांचं बलुतं. आमचं खळंच नाही, तर आम्ही कुठून देणार? वाण्याचं काम म्हणजे रोख काम.

मित्रच म्हणाला, "रोख कावून देतो बे? आमच्या बलुत्यात करून घे की. लोहाराला काय, नांगराचा फाळ काय आन् तुझं ह्ये काय, लोखंड त्ये लोखंड."

मला ती त्याची दिलदारी वाटली. लोहारानं भात्यावर सांगाडा तापवून सरळ केला, चाकावरच्या तुटलेल्या कमानीला बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा तुकडा जोडला. सुतारानं बाभळीची बैठक केली आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळ्यांचा ब्रेक बसवला. ट्यूब मिळत नव्हत्या, म्हणून टायरांत मी अंबाडीचे दोर कोंबले. जिथं गळत होतं तिथं विहिरीच्या मोटेचं जुनं कातडं कापून घातलं. पेट्रोलवर चालू करायची आणि इंजिन तापलं की घासलेटावर घ्यायची, ही युक्ती माझी. पुढं पाटलांच्या बैलांची घुंगुरमाळ बांधली, ही हौस मित्राची.

पहिल्यांदा ती सुरू झाली तेव्हा गोठ्यातल्या म्हशी दावं तोडून पळाल्या. तिच्या अंगावर काहीच नसल्यामुळं आवाज थेट कानात. हँडल मारून मारून माझा खांदा सुजायचा. ती मोठी हट्टी होती. पहिल्या फिरकीत कधी सुरू झाली नाही, दहा वेळा रुसायची, एकदा मनगटावर असा फटका दिला की मला आठवडाभर तराजू धरता आला नाही. मला ती तशीच आवडायची.

गेवराईच्या रस्त्यावर एकदा उतारूंची सर्विस मोटार आम्हाला पुढं दिसली. मित्र शेजारी बसून ओरडत होता, "हान! हान बे!" मी वेगाची दांडी ओढली. दोन्हीकडं कपाशी, मधे पांढरी फुफाट्याची वाट, डोळ्यांत धूळ, तोंडात धूळ, बुडाखाली बाभळीची फळी. आम्ही सर्विसच्या बाजूनं घुंगरं वाजवत निघून गेलो. खिडक्यांतून माणसं तोंडं वासून बघत होती. मित्रानं माझ्या खांद्यावर हात टाकला होता. इतका आनंद मला पुढं कधी झाला नाही, लग्नातही नाही. बायकोला हे ठाऊक आहे.

त्या सर्विसच्या मालकानं दुसऱ्या दिवशी उमापुरात मुद्दाम उतरून चौकशी केली. बीडला त्याचा मोटारी दुरुस्तीचा कारखाना होता आणि त्याला मिस्त्री हवा होता. मला म्हणाला, "स्वतःच्या मोटारीत बसून बीडला ये. आलास तर कारखाना तुझ्या हाताखाली देतो." अप्पांनीही कबूल केलं की तसं झालं तर मला गादीवर बसवणार नाहीत. म्हणजे माझं सगळं आयुष्य त्या एका फेरीवर येऊन थांबलं होतं. मित्रासमोरच हे बोलणं झालं. त्यानं माझ्या पाठीत थाप मारली.

दिवाळीनंतर नदी उतरली आणि आम्ही निघालो. सिंदफणेच्या पात्रात वाळू लागली तिथं उतरून ढकललं, बाकी ती गुणानं चालली. बीडच्या वेशीशी मित्र म्हणाला, "आदी नवाबसायबांना दावू. मंग जाऊ सर्विसवाल्याकडं." एका बड्या नवाबांचा बंगला तिथं होता. त्यांच्या एका शब्दावर सरकारी नोकऱ्या लागायच्या, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. मला वाटलं, बरंच झालं, मोठा माणूस मोटार बघेल.

बंगल्याच्या आवारात मित्राचे वडील आधीच येऊन उभे होते. पांढरा कोट, नवा रुमाल, हातात तबक. मित्रानं मोटारीला झेंडूचा हार घातला. पाटील मला म्हणाले, "नारळ तू फोड." मला केवढा अभिमान वाटला! मोटारीची पूजा आहे आणि मान मला देताहेत, असं समजून मी पुढच्या चाकाशी नारळ फोडला. पाणी उडालं ते माझ्याच सदऱ्यावर.

नवाबसाहेब पायऱ्या उतरून आले. मोटारीभोवती फिरले, घुंगरं वाजवून पाहिली, लहान मुलासारखे खूश झाले.

"किनने बनाया?"

पाटील वाकून म्हणाले, "हमारे घर में बना, हुजूर. हमारे लुहार-सुतार ने बनाया. हुजूर की नज़र है."

नजर म्हणजे नजराणा. एवढी उर्दू मला येत होती. तरी कानावर विश्वास बसला नाही. मी मित्राकडं बघितलं. तो वाकून हाराची गाठ सारखी करत होता, आणि ती गाठ काही केल्या सारखी होईना.

"और ये कौन?" नवाबांनी माझ्याकडं बोट केलं.

या वेळी मित्र बोलला. "ये चलाता, हुजूर."

नंतर कळलं, गावोगाव पिकं पाहत फिरायच्या गिरदावराच्या जागेसाठी मित्राचं नाव नवाबांच्या कानावर घालायचं होतं आणि रिकाम्या हातानं ते होणार नव्हतं. हे बापलेकांत दसऱ्यालाच ठरलं होतं. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तो रोज माझ्याबरोबर गोठ्यात बसला, माझ्या हातावर घासलेट ओतत राहिला, बीडला गेल्यावर काय खायचं याच्या गप्पा मारत राहिला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. शत्रूला हे जमत नाही. त्याला मित्रच लागतो.

मी तिथं ओरडायला हवं होतं. पण नवाबांच्या आवारात शिपाई उभे आणि समोर पाटलांच्या मिशा. नवाब म्हणाले, "चलाके बताव."

मी हँडल हातात घेतलं. मनात म्हटलं, रुसून बस बाई. एवढ्या वेळा रुसलीस, आज एकदा माझ्यासाठी रूस. नाही सुरू झाली तर हे हसतील, नको म्हणतील, आणि मी तुला ढकलत का होईना घरी नेईन.

ती पहिल्या फिरकीत सुरू झाली.

नवाबांनी टाळी वाजवली. त्यांच्या ड्रायव्हरला मीच दांडी दाखवली, घासलेटाची चावी दाखवली. मला सांगायची इच्छा नव्हती, पण चुकीची चावी फिरवून तिचं इंजिन कुणी जाळलं असतं तर तेही मला बघवलं नसतं. मित्र फाटकापर्यंत माझ्यामागं आला आणि हळूच म्हणाला, "जाऊ दे बे. आपन दुसरी करू." मी त्याच्या तोंडावर थुंकलो नाही, एवढंच.

सर्विसवाल्याच्या कारखान्यात मी पायी गेलो. तो दारातच उभा होता. म्हणाला, "आत्ताच गेली की इथून, घुंगरं वाजवीत. पाटलांनी नवाबसायबांना नजर केली म्हनं. मग तू तिचा नुसता ड्रायव्हरच होतास का?" मी सांगायचा प्रयत्न केला. त्यानं ऐकून घेतलं, पण मधेच आत कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. त्यालाही नवाबांच्याच गावात धंदा करायचा होता.

गावी परतल्यावर मी थेट चावडीवर गेलो. चार मोठी माणसं बसली होती. मी म्हटलं, लोखंड मी आणलं, इंजिन मी जुळवलं, मोटार माझी. त्यांनी सौद्याचा साक्षीदार विचारला. उपरण्याखालच्या बोटांना साक्षीदार कुठला? मग त्यांनी लोहाराला बोलावलं आणि एकच गोष्ट विचारली, काम कुणाच्या बलुत्यात केलं?

लोहार भला माणूस. तो माझ्याकडं वळला. म्हणाला, "धाकले अप्पा, तुमी लई खपलात, मी बगितलंय. पर काम पाटलांच्या बलुत्यातलं हाय. खोटं कसं बोलू?"

सुतारानंही तेच सांगितलं. मग काय, ज्याच्या बलुत्यात फाळ ठोकला त्याचा नांगर, हे तर पोरालाही कळतं. माणसं तंबाखू झटकून उठली. कुणी माझ्याशी वाईट बोललं नाही. मी पुन्हा गादीवर जाऊन बसलो. मित्राला गिरदावरी लागली. घोड्यावरून येता-जाता तो आमच्या दुकानापुढं लगाम ओढायचा. मी गूळ जोखत राहायचो.

माघात ज्वारी काढली, खळी लागली. पाटलांच्या खळ्यावर बलुतेदारांचे वाटे पडले. एका दुपारी त्यांचा गडी डोक्यावर पोतं घेऊन आमच्या दारात आला आणि ओट्यावर टेकवून घाम पुसत उभा राहिला. अप्पांनी विचारलं, हे कशाचं? आमच्या दुकानात ज्वारी यायची ती विकत घेतलेली.

"धाकल्या अप्पांचं हाय," गडी म्हणाला. "मालकांनी धाडलंय. लोहाराचं दिलं, सुताराचं दिलं, ह्ये ह्यांचं. मोटारीचं बलुतं."

मी उठून उभा राहिलो. मी म्हटलं, "घेऊन जा ते. आत्ता घेऊन जा." गड्यानं अप्पांकडं बघितलं. अप्पांनी पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली आणि दोन दाणे दाताखाली धरून पाहिले. आयुष्यभर त्यांनी धान्य असंच पाहिलं होतं. मग माझ्याकडं न बघताच ते गड्याला म्हणाले, "आत नेऊन ठेव."

संध्याकाळी आईनं त्याच ज्वारीच्या भाकरी केल्या. ताट माझ्यापुढं आलं. भूक लागली होती. मी खाल्ल्या. भाकरी गोड झाली होती, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.