अन्वी माझ्या मांडीवर

“लेकरू लई गुणाचं हाय. आयला काय तरास न्हाई बग.”

माझ्या शेजारची म्हातारी तिच्या पलीकडच्या बाईला हळूच सांगत होती. लेकरू म्हणजे माझ्या मांडीवर बसलेली अन्वी. आणि आई म्हणजे — तिच्या मते — मी.

मी अन्वीची आई नाही. तिची खरी आई त्या क्षणी बसच्या मागे धावत होती.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरी नाही, ऑफिसात नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

आमचं घर घोटावड्यात. मागच्या अंगाला बांधलेल्या खोल्या भाड्याने देतो. त्यातल्या एकीत वैशालीवहिनी राहतात. परभणीकडच्या. नवरा हिंजवडीत कंपनीत, पदरात दोन मुलं — तीन वर्षांची अन्वी आणि बाबागाडीतला तान्हा. त्या मला ताई म्हणतात, मी त्यांना वहिनी. अन्वी संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन चित्रं काढत बसते. म्हणजे ती मला ओळखत होती. म्हणूनच ती रडली नाही, आणि म्हणूनच बसमध्ये कुणाला काही कळलं नाही.

त्या दिवशी वहिनी मुलांना डॉक्टरांकडे घेऊन हिंजवडीला आल्या होत्या. मी ऑफिसातून निघाले होते, बसमध्ये खिडकीशी बसले होते. त्या खाली. आमच्याकडे एक रीतच आहे — लेकुरवाळी बाई आधी मूल खिडकीतून आत देते, जो बसलेला असेल तो घेतो, मग ती सावकाश चढते. कोण, कुठला, कुणी विचारत नाही. वहिनींना तर ओळखीचा चेहरा दिसला होता.

“ताई, हिला धरा बरं. मी गाडी मिटते अन् आलेच.”

मी अन्वीला आत घेतलं. वहिनी तान्ह्याला कडेवर घेऊन बाबागाडीशी झटत होत्या. तिची एक कळ अडकते, पायाने दाबावी लागते — मला माहीत होतं. त्यांना वेळ लागणार, हेही माहीत होतं. कंडक्टर पुढे गर्दीत तिकिटं फाडत होता. शिट्टी वाजली. बस हलली.

वहिनींनी वर पाहिलं. माझ्याकडे. आणि अर्धवट मिटलेली बाबागाडी तिथेच टाकून धावायला लागल्या.

एक शब्द. ‘थांबवा.’ एवढंच ओरडायचं होतं. कितीसं अवघड असतं? आमच्या बसमध्ये सगळेच ओरडतात — पिशवी राहिली म्हणून, सुट्टे राहिले म्हणून. मी तोंडही उघडलं होतं. पण सगळी बस वळून माझ्याकडे बघेल, या विचारानेच ते मिटून घेतलं. लहानपणापासून मी अशीच आहे. इंग्रजी शाळेत मराठीची लाज, घरी इंग्रजीची, शेवटी गप्प बसणंच सोपं. पण हे कारण म्हणून सांगत नाही. मूल माझ्या मांडीवर होतं.

मग म्हातारीने थेट मलाच विचारलं, “तुजीच का गं?”

नाही म्हटलं असतं, तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. मी मान डोलावली. हो. माझीच.

पुढच्या थांब्यावर मी अन्वीला घेऊन उतरले. काही वेळाने एका अनोळखी बाईच्या स्कूटरवर मागे बसून, तान्ह्याला कवटाळून वहिनी आल्या. एका पायात चप्पल नव्हती. अन्वीला उराशी धरून त्या रस्त्यातच बसल्या. आणि मग मला म्हणाल्या, “ताई, तुम्ही किती ओरडला असाल. ऐकलंच नाही ना त्या मेल्यानं?”

मी काय म्हणाले? काहीच नाही. आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी लावून घेतला.

रात्री चुलत्यांनी — आम्ही त्यांना अप्पा म्हणतो — मला समोर उभं केलं. “तू वरडलीस का न्हाई, तेवडं सांग.”

मी पुन्हा मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आणि वहिनींना सोबत घेऊन गावच्या थांब्यावर बस अडवली. कंडक्टर तोच होता — पांढऱ्या मिशांचा, बाबागाडी दिसली की स्वतः उचलून ड्रायव्हरच्या मागे ठेवणारा.

“कानात बोळं घालून फिरतोस व्हय?” कुणीतरी मागून म्हणालं. लोक हसले.

“आवाज आला न्हाई हो मला,” तो म्हणाला. “आला असता तर थांबवली असती.”

“मंजी आमची पोरगी खोटं बोलतीया?” अप्पांनी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेची चेन उघडत होते, लावत होते. तो काही क्षण थांबला. मला वाटतं, मला संधी देत होता. मग त्याने वहिनींसमोर हात जोडले. “माझंच चुकलं, बाई.”

बाबागाडी कुणीतरी उचलून नेली होती. वहिनींनी दुसरी घेतली नाही. आता त्या मुलांना घेऊन बसने जातच नाहीत. अन्वी अजून माझ्याकडे येते, वहिनी विश्वासाने सोडतात. “ताईजवळ असली की मला काळजी नाही,” म्हणतात. मी ऐकून घेते.

परवा हिंजवडीला एक बाई थांब्यावर होती. दोन मुलं, बाबागाडी. त्याच कंडक्टरने दारातूनच सांगितलं, “आदी मिटवा, पोरं हातात घ्या, सगळी एकदम चढा. न्हाईतर मागच्या गाडीनं या.” ती गाडी मिटवतच राहिली. बस सुटली. मी काचेतून तिला लहान होताना पाहिलं.

आणि ठरवलं, आज सांगायचं. वाक्य जुळवलं. ‘काका, त्या दिवशी मी ओरडलेच नव्हते.’ मनात दहा वेळा म्हटलं. आसपासच्या सीट रिकाम्या होत्या, ऐकणारं कुणी नव्हतं. तो माझ्यापाशी आला, सीटच्या दांड्याला टेकून उभा राहिला. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्यानेही पाहिलं. ओळखलं होतं त्याने.

“बोला,” तो म्हणाला.

मी म्हणाले, “एक घोटावडे.”